कॉलेज रोडचा ॲक्टिव्ह डिरेक्टरी क्लास: लॅबसाठी जा, नोट्ससाठी नको

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या या क्लासची रविवारची बॅच बारा आठवडे चालते, दर वेळी चार तास. विषय विंडोज सर्व्हरची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतल्या युजर आणि मशीनची खाती एका जागी सांभाळणारी यंत्रणा) आणि नजर मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज सर्व्हर हायब्रिड ॲडमिनिस्ट्रेटर असोसिएट' या सर्टिफिकेटवर. लॅब पैसे वसूल करते, नोट्स जुन्या आहेत आणि हायब्रिडचा, म्हणजे ऑफिसातले सर्व्हर क्लाउडशी जोडण्याचा, भाग उरकून टाकलाय.

आधी परीक्षेचं बोलू, कारण काउंटरवर हे कुणी धड सांगत नाही. पेपर एक नाही, दोन आहेत: एझेड-८०० आणि एझेड-८०१. दोन्हींत १००० पैकी ७०० लागतात, पण हे गुण स्केल केलेले, म्हणजे वेगळ्या मोजपट्टीवर बसवलेले, असल्यामुळे ७० टक्के उत्तरं बरोबर आली की झालं, असा हिशेब मांडू नका. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पहिल्या फटक्यात गेला तर २४ तासांनी पुन्हा बसता येतं, दुसऱ्यांदाही गेला तर १४ दिवस थांबावं लागतं. सर्टिफिकेट वर्षभर टिकतं; मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत घरबसल्या फुकट रिन्यू होतं. क्लासच्या पत्रकावर मात्र अजून 'एमसीएसई' हे मायक्रोसॉफ्टचं जुनं सर्टिफिकेट झळकतंय. ते प्रकरण जानेवारी २०२१ मध्येच बंद झालं. म्हणून फी भरण्याआधी मायक्रोसॉफ्ट लर्न या साइटवर परीक्षेचं पान उघडून परीक्षा चालू आहे ना आणि अभ्यासक्रम कुठल्या तारखेचा आहे, हे स्वतः बघा.

आता लॅब. प्रत्येकाला ३२ जीबी रॅमचं मशीन आणि हायपर-व्हीवर (एका मशीनमध्ये अनेक मशीन चालवणारी विंडोजची सोय) चार व्हर्च्युअल मशीन: दोन डोमेन कंट्रोलर (डोमेन म्हणजे एका डिरेक्टरीखालचं नेटवर्क, कंट्रोलर म्हणजे त्याची खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर), एक मेंबर सर्व्हर, एक क्लायंट. पहिले दोन रविवार फक्त डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा. नवख्यांना कंटाळा येतो, पण सरांचं बरोबर आहे. क्लायंट डोमेनला जोडायला घेतला की 'डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही' असा एरर येतो. कंट्रोलरच्या आयपीला पिंग मात्र व्यवस्थित जातो. सर दहा मिनिटं काही बोलत नाहीत, डोकं खाजवू देतात. शेवटी कुणीतरी 'आयपीकॉन्फिग /ऑल' चालवतं आणि डीएनएसच्या जागी राउटरचा पत्ता सापडतो. क्लायंट डोमेन कंट्रोलर शोधतो तो डीएनएसमधल्या एसआरव्ही रेकॉर्डवरून (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे त्याची नोंद), आणि ते रेकॉर्ड राउटरकडे कुठून असणार? 'पर्यायी' डीएनएसच्या रकान्यात गूगलचा ८.८.८.८ टाकून ठेवायची सवयही इथेच मोडली जाते. पहिला सर्व्हर क्षणभर गप्प बसला की क्लायंट दुसऱ्याकडे वळतो आणि तिथून 'असं नावच नाही' हे उत्तर घेऊन येतो. बाहेरच्या नावांसाठी डोमेन कंट्रोलरच्या डीएनएसवर फॉरवर्डर (प्रश्न बाहेरच्या डीएनएसकडे पाठवणारं सेटिंग) लावायचा, क्लायंटला हात लावायचा नाही.

साइट्सचा रविवार सगळ्यांत सरस. सातपूर आणि अंबड अशा दोन साइट (साइट म्हणजे नेटवर्कचं एक ठिकाण), दोन सबनेट, मध्ये साइट लिंक. लिंकची मूळ कॉस्ट १००, रेप्लिकेशन, म्हणजे कंट्रोलरांमधली माहितीची देवाणघेवाण, दर १८० मिनिटांनी. ते १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येतं. सातपूरला नवा युजर बनवला की अंबडला तो तीन-तीन तास उगवत नाही. पण जुन्या युजरचा पासवर्ड सातपूरला बदलला तर अंबडला लगेच चालतो! कारण अंबडचा कंट्रोलर पासवर्ड चुकीचा म्हणून हाकलण्याआधी पीडीसी एम्युलेटरला, म्हणजे पासवर्डचे बदल लगेच कळणाऱ्या कंट्रोलरला, विचारून घेतो. ही गंमत एकदा हाताने केली की पाच फिस्मो रोलपैकी (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामं) हा रोल तरी पाठ करावा लागत नाही. पुढच्या तासाला पहिला कंट्रोलर बंद करून त्याचे रोल दुसऱ्यावर सीझ करायला (जबरदस्तीने घ्यायला) लावतात, आणि सीझ केल्यावर जुनं मशीन पुन्हा नेटवर्कवर आणायचं नाही, हे बजावतात.

ग्रुप पॉलिसीही (अनेक युजर-मशीनना एकदम लागू होणारी सेटिंग्ज) चांगली घेतात: लोकल, साइट, डोमेन, ओयू (डोमेनमधले युजर-मशीनचे गट) हा क्रम, आणि वरची पॉलिसी अडवणाऱ्या 'ब्लॉक इनहेरिटन्स'ला 'एन्फोर्स्ड' भारी पडतं हे. नव्या मशीन ज्या 'कॉम्प्युटर्स'मध्ये येऊन पडतात तो ओयू नसून नुसता कंटेनर आहे, त्याला पॉलिसी जोडता येत नाही. ही खोच मात्र सांगायची राहते.

खटकणारं पहिलं म्हणजे व्हर्च्युअल मशीन बनवायची पद्धत. एकच डिस्क फाइल चार वेळा कॉपी करून देतात, सिसप्रेप (मशीनची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) न करता. मग पहिला कंट्रोलर उभा राहतो आणि बाकीची मशीन जोडताना 'दोघांचा एसआयडी (ओळख क्रमांक) एकच आहे' म्हणून अडतात. अर्धा रविवार त्यात जातो. कॉपी करण्याआधी सिसप्रेपमध्ये 'जनरलाइझ'वर टिक करून मशीन बंद केलं असतं तर हा घोळ झालाच नसता. चेकपॉइंटचंही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन जुन्या स्थितीत परत नेण्याच्या सोयीचंही, तसंच. एकटा क्लायंट महिनाभर मागे नेला की डोमेनशी त्याचा विश्वास तुटतो, कारण मशीनच्या खात्याचा पासवर्ड मूळ सेटिंगनुसार दर ३० दिवसांनी बदलतो. दुरुस्ती पॉवरशेलच्या 'टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल'ला 'रिपेअर' जोडून होते. लोकल ॲडमिनचा पासवर्ड हाताशी हवा.

हायब्रिडसाठी एकच रविवार, तोही प्रोजेक्टरवर. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या डिरेक्टरीला स्लाइडवर अजून 'अझुर एडी' लिहिलंय. २०२३ पासून त्याचं नाव एन्ट्रा आयडी आहे. ऑफिसातल्या डिरेक्टरीशी तिचं सिंक दर ३० मिनिटांनी होतं, पासवर्ड हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) दर दोन मिनिटांनी, एवढं सांगून पुढे सरकतात. लॅबच्या डोमेनचं शेपूट '.लोकल' असलं तर क्लाउडमध्ये युजरच्या लॉगिनला भलतंच शेपूट लागतं, म्हणून आधी यूपीएन सफिक्स (लॉगिनमधला @ नंतरचा भाग) जोडून घ्यायचा, हे कुणी करून दाखवत नाही. अझुर आर्क आणि फाइल सिंक (ऑफिसातले सर्व्हर आणि फाइली अझुरशी जोडणाऱ्या सेवा) यांना हातच लागत नाही. हा सगळा भाग लर्नवर फुकट आहे, तिथून करा.

शेवटच्या रविवारी 'हमखास प्रश्नां'ची पीडीएफ वाटतात. घेऊ नका. असे डम्प (परीक्षेतले फोडलेले प्रश्न) वापरणं परीक्षेच्या कराराविरुद्ध आहे, सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं; वर त्यातली उत्तरंही धड नाहीत.

घरी सराव लागतोच. १६ जीबीचा लॅपटॉप आणि एसएसडी पुरते. विंडोज होमवर हायपर-व्ही मिळत नाही, तिथे व्हर्च्युअलबॉक्स घ्या. सर्व्हरची मूल्यांकन आवृत्ती १८० दिवस चालते. रॅम ८ जीबीच असेल तर कंट्रोलर सर्व्हर कोअरवर (डेस्कटॉप नसलेल्या हलक्या आवृत्तीवर) उभे करा. पेपर घरून देणार असाल तर राउटरही यूपीएसवर घ्या आणि कंपनीचा लॅपटॉप वापरू नका, त्यातलं व्हीपीएन आणि अँटिव्हायरस आडवं येतं. पेपर चालू असताना लर्नची साइट उघडता येते, पण घड्याळ थांबत नाही; दोन-तीन अडलेल्या प्रश्नांपुरतीच उघडा.

पार्किंगची बोंब आहे. बॅच नऊची, आणि मिसळ खाऊन येणारे साडेनऊला उगवतात, तोवर डीएनएसचा मुद्दा निघून गेलेला असतो. डेमोला जाल तेव्हा दोनच गोष्टी विचारा: मशीन सिसप्रेप करून देता का, आणि हायब्रिडच्या लॅबला प्रत्येकाला वेगळं अझुर खातं मिळतं का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर फीमध्ये घासाघीस करायला जागा आहे.