रझिया: प्रेमकथेतली आणि दरबारातली
एक रझिया चित्रपट-कादंबऱ्यांतली: हबशी याकूतवर जीव जडला आणि त्यापायी तख्त गेलं. दुसरी इतिहासकारांची: १२३६ ते १२४० दिल्लीवर राज्य करणारी, पडदा सोडून हत्तीवरून फिरणारी. याकूतला तिने शाही तबेल्याचा प्रमुख केलं. तुर्की सरदारांना झोंबलं ते हेच. समकालीन इतिहासकार मिन्हाज-ए-सिराज तिला शहाणी, न्यायी, फौजेचं नेतृत्व करणारी म्हणतो. याकूतवर मर्जी होती, एवढंच सांगतो. प्रेमाच्या कंड्या रंगल्या त्या पुढच्या शतकात.

मला दुसरीच खरी वाटते. सुलतान पुरुष असला की त्याच्या पाडावामागे आपण राजकारण शोधतो, तिच्या बाबतीत मात्र प्रियकर! तख्त गेल्यावर, तिच्याविरुद्ध बंड केलेल्या सरदार अल्तुनियाशीच लग्न करून तिने पुन्हा दिल्लीवर चाल केली, ते या प्रेमकथेत कुठे बसवायचं?