लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला म्हणून साडेसहा हजार घेतले, आतली रॅमही काढून घेतली

लहान बहिणीचा लॅपटॉप आम्ही २०२४ च्या जानेवारीत घेतला. ४२ हजारांचा. तेव्हा कापसाला क्विंटलमागे सात हजारांच्या आतच भाव मिळत होता, म्हणजे सहा क्विंटलांहून जास्त कापूस त्या एका खोक्यात गेला. आमच्या घरी मशीन म्हटलं की हाच हिशेब होतो, म्हणून पुढं जे झालं ते जास्त लागलं. दारव्हा, दिग्रस, पुसद या भागातली पुष्कळ मुलं आता शिक्षणासाठी लॅपटॉप घेत आहेत. त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं.

२०२५ च्या मे महिन्यात लॅपटॉप बिघडला. वॉरंटी जानेवारीतच संपली होती. बाहेर ४४-४५ डिग्री, घरावर टिनं. अर्ध्या तासात लॅपटॉप तव्यासारखा तापायचा, पंखा घरघरायचा, निळा स्क्रीन यायचा आणि आपोआप बंद. थंड झाला की परत चालू. चार-पाच दिवस असं चाललं. मग एका दुपारी बटण दाबलं तर लाइट लागला, पंखा फिरला, पण स्क्रीन काळाच राहिला. बहिणीला कॉलेजचा प्रोजेक्ट पंधरा दिवसांत जमा करायचा होता. ती रडायला लागली आणि मी लॅपटॉप पिशवीत घालून सरळ तालुक्याला गेलो.

दुकानदारानं बटण दोनदा दाबून पाहिलं. मागचं झाकणसुद्धा उघडलं नाही. "मदरबोर्ड गेला भाऊ. कंपनीत नेसान तर अठरा हजार सांगतीन. मी साडेसहात करून देतो, ठेवून जा." मदरबोर्ड म्हणजे आतली मुख्य पाटी, जिला सगळे भाग जोडलेले असतात.

"अन् आतला डेटा?"

"पायतो ना. पासवर्ड लिहून द्या."

बहिणीला फोन लावला. ती पासवर्ड द्यायला तयार नव्हती. "दादा, त्यात माझे फोटो आहेत, आधार आहे, सगळं आहे." मीच तिच्यावर रागावलो आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. जो लॅपटॉप सुरूच होत नाही, तो तपासायला पासवर्ड लागत नाही, हे मला माहीत नव्हतं. तिचं बरोबर होतं. तिची माफी मी नंतर मागितली. पावती मागितली तर तो म्हणाला, "दुकान इथंच आहे ना भाऊ, मी काय पयून चाललो?"

सहाव्या दिवशी त्याचा व्हॉट्सअॅपवर आवाजी मेसेज आला: मदरबोर्ड बदलला, हार्डडिस्क उडाली होती, डेटा नाही निघाला, साडेसहा हजार घेऊन या. मी रोख दिले. लॅपटॉप चालू होता, पण खूप मंद. बहिणीनं कॉलेजच्या लॅबमध्ये बसून सगळा प्रोजेक्ट पुन्हा टाइप केला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी स्क्रीन परत काळा झाला. नशिबानं नागपूरचा मावसभाऊ आला होता, तो हार्डवेअरचंच काम करतो. त्यानं आधी चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. मग केबलनं टीव्हीला जोडून पाहिलं. टीव्हीवर चित्र आलं असतं तर फक्त स्क्रीनचा किंवा त्याच्या वायरचा दोष. आलं नाही. मग झाकण उघडून त्यानं रॅम, म्हणजे मेमरीची छोटी पट्टी, काढली, तिचे सोनेरी दात बहिणीच्या खोडरबरनं पुसले आणि परत घट्ट बसवली. लॅपटॉप सुरू झाला. खर्च शून्य.

आणि मग त्यानं मला आत बघायला सांगितलं. पंख्याच्या जाळीवर कापसाच्या तंतूंची गादी बसली होती. आमच्याकडं भाव वाढायची वाट पाहत मार्चपर्यंत घरातच कापूस भरलेला असतो, त्याच खोलीत बहीण अभ्यास करते. हवा कोंडून मशीन तापायचं आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद व्हायचं. मूळ आजार हा. साडेसहा हजार घेणाऱ्यानं त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

पुढचं अजून वाईट. खोक्यावर ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी डिस्क छापलेलं आहे. आत काय बसवलंय ते दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसली ४ जीबी आणि २५६. दोन्ही जुनी, कुठल्या तरी दुसऱ्या मशीनमधली. बायोसमधला, म्हणजे मदरबोर्डमध्येच नोंदलेला, सिरियल नंबर मात्र आमच्या बिलावरचाच. मदरबोर्ड बदलला असता तर हा नंबर आपोआप जुळला नसता, असं मावसभाऊ म्हणाला.

त्याच्याकडूनच कळलं की मदरबोर्ड खरंच गेला तरी डेटा सहसा जात नाही. बहुतेक लॅपटॉपमधली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. विंडोज ११ च्या पुष्कळ मशीनवर डिस्कला कुलूप असतं, त्याला ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, आजच वहीत लिहून ठेवा.

आमची डिस्क अजून कुणाच्या हातात आहे, हा विचार झोपू देत नाही. बहिणीनं सगळे पासवर्ड बदलले, सगळीकडून लॉगआउट केलं. फोटोंचं काय करणार?

दुकानात गेलो तर तो म्हणाला, "तुम्ही आणला तवा असाच होता." माझ्याकडं पावती नव्हती. लॅपटॉप देताना कागदावर रॅम, डिस्क आणि सिरियल नंबर लिहून त्याची सही घेतली असती, झाकण उघडून फोटो काढला असता, तर तो हे बोलू शकला नसता. दोन मिनिटांचं काम होतं. तुम्ही तेवढं केल्याशिवाय मशीन कुणाच्या काउंटरवर सोडू नका, आणि समोर उघडून दाखवत नसेल तर उचलून घरी आणा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. तो आवाजी मेसेज मी पुसलेला नाही, मूळ बिल आणि खोकं आहे. दुकानदाराला स्पीड पोस्टनं नोटीस पाठवली, पोचल्याची नोंद आली, उत्तर नाही. सोयाबीनची सोंगणी आटोपली की कागद घेऊन यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहे. बहीणही सोबत येणार आहे.