वेबपान फाइलीत उतरवायचंय: लिंक्स की डब्ल्यूथ्रीएम?

टर्मिनलमधलं (म्हणजे कमांड टाइप करून काम करायच्या खिडकीतलं) वेबपान मजकूर म्हणून फाइलीत उतरवायचं तर माझ्या मते दोनच नावं विचारात घ्यावीत. एक डब्ल्यूथ्रीएम आणि दुसरा लिंक्स, दोन्ही टर्मिनलमध्ये चालणारे मजकुरी ब्राउझर. लिंक्स नावाचे ब्राउझर दोन आहेत; इथे म्हणतोय तो कॅन्सस विद्यापीठातून १९९२ साली आलेला, एल-वाय-एन-एक्स वाला. दोघांनाही 'डंप' हा पर्याय दिला की पान मांडून थेट आउटपुटला देतात. ते फाइलीत वळवायचं, झालं.

टीमक्सने (टर्मिनलचे अनेक पडदे सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) पडदा टिपायच्या फंदात शक्यतो पडू नका. ब्राउझर पर्यायी पडद्यावर चालतो, त्याला मागचा इतिहास नसतो, त्यामुळे समोर दिसतो तेवढाच तुकडा हाती लागतो. टर्मिनलवर उमटणारं सगळं नोंदवणाऱ्या 'स्क्रिप्ट' कमांडच्या फाइलीत तर कर्सर हलवण्याच्या संकेतांचाच राडा भरतो.

बातमी, लेख असा सलग मजकूर दोघंही नीट उतरवतात. फरक पडतो तक्त्यांवर, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

लोकलचं वेळापत्रक घ्या. सीएसएमटी ते कल्याण २६ स्थानकं. प्रत्येक वेळेला '०८:४२' अशी ५ अक्षरं, मध्ये एकेक जागा सोडली तरी ओळ १५५ अक्षरांची होते. डंपची रुंदी सांगितली नाही तर ती ८० धरली जाते. ओळ मावली नाही की लिंक्स रकाने जुळवणं सोडून देतो आणि खणांतला मजकूर एकापुढे एक लिहीत सुटतो. रिकामा खण तर उरतच नाही. फास्ट गाडी माटुंगा, सायनला थांबत नाही, म्हणून दादरनंतरचे दोन खण मोकळे असतात. लिंक्सच्या फाइलीत असे खण गळतात आणि कुर्ल्याची वेळ आधीच्या भलत्याच स्थानकाच्या जागी येऊन बसते. घाटकोपर, ठाणे, सगळंच डावीकडे सरकतं. फाइल दिसायला ठाकठीक, आत वेळा चुकीच्या. हे फार वाईट, कारण चूक पटकन लक्षातच येत नाही.

लिंक्सला 'विड्थ' (रुंदी) वाढवून दिली तर साधा तक्ता बऱ्याचदा सावरतो, पण किती वाढवायची ते आधी माहीत हवं. तक्त्यात तक्ता असेल तर तेवढ्यानेही भागेलच असं नाही. डब्ल्यूथ्रीएम मात्र ओळ लांबली तरी रकाने सोडत नाही. 'कॉल्स २००' (२०० अक्षरांची रुंदी) दिलं की आणखी मोकळं दिसतं. चौकटीच्या रेषा पुढच्या कामात आड येत असतील तर 'नो-ग्राफ' द्या, मग साध्या उभ्या-आडव्या खुणा मिळतात. देवनागरी मजकुराचे रकाने मात्र जोडाक्षरांमुळे पडद्यावर थोडे हलतात. फाइलीतला मजकूर शाबूत असतो.

लिंक्सची बाजूही भक्कम आहे. पानावरच्या सगळ्या दुव्यांची क्रमांकवार यादी तो शेवटी आपणहून देतो, आणि 'लिस्टओन्ली'ने नुसती यादीच. डब्ल्यूथ्रीएमकडून असं काही हवं तर 'डिस्प्ले_लिंक_नंबर' हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. पण कालचं पान आजच्याशी ताडून पाहायचं असेल तर लिंक्सचे हेच आकडे, जे मजकुरातही दुव्यापाशी छापले जातात, अंगाशी येतात: वर एक दुवा वाढला की खालचे सगळे क्रमांक बदलतात आणि निम्मं पान 'बदललं' म्हणून दिसतं. तेव्हा ते बंद करणारा 'नोलिस्ट' विसरू नका.

क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) चालवणार असाल तर अक्षरसंच स्वतः सांगा, कारण तिथे तुमच्या टर्मिनलचं लोकेल (भाषा-अक्षरांची सेटिंग) पोचत नाही आणि मराठी मजकूर बिघडतो. डब्ल्यूथ्रीएमला मोठा 'ओ' आणि यूटीएफ-८, लिंक्सला 'डिस्प्ले_कॅरसेट'. कर्लने (पान उतरवून आणणाऱ्या कमांडने) आणलेलं पान पाइपमधून, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला जोडून, डब्ल्यूथ्रीएमला देताना मोठा 'टी' देऊन ते एचटीएमएल असल्याचं सांगा, नाहीतर टॅगांसकट कच्चा सोर्स फाइलीत येतो. लॉगिननंतरच दिसणारं पान असेल तर ते डब्ल्यूथ्रीएममध्ये उघडून मोठा 'एस' दाबा. मांडलेलं पान तसंच्या तसं फाइलीत जातं. जावास्क्रिप्टने भरणारं पान मात्र दोघांच्याही हाती लागत नाही.