गळका कार्ब्युरेटर: सील बदला, रिकंडिशन करा, की नवाच घ्या?

जुन्या स्पोर्ट्स कारचा कार्ब्युरेटर गळायला लागला की मालकासमोर चार वाटा असतात. किट आणून घरीच सील बदलायचे, उतरवून कारागिराकडे रिकंडिशनला द्यायचा, त्याच बनावटीचा नवा घ्यायचा, नाहीतर प्रकारच बदलून वेबर या दुसऱ्या बनावटीचा बसवायचा. बहुतेक जण या चौघांची तुलना किमतीवरून करतात. माझ्या मते ती आधी गळतीच्या जागेवरून करावी. गळती आणि झीज हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

उदाहरणाला एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊ. १९६२ ते १९८० एवढ्या लांबलचक काळात या गाडीवर आधी एसयू बनावटीच्या एचएस४ कार्ब्युरेटरची जोडी होती, मग एचआयएफ४ची, आणि अमेरिकेत गेलेल्या शेवटच्या गाड्यांवर एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग १७५सीडी. तिघांच्या गळायच्या जागा वेगळ्या. शिवाय या इंजिनात पेट्रोल आत जाण्याची आणि धूर बाहेर पडण्याची बाजू एकच आहे. कार्ब्युरेटर आणि तापलेला एक्झॉस्ट यांच्या मध्ये फक्त पत्र्याचं हीट शील्ड. त्यामुळे ‘थोडंसंच तर गळतंय’ म्हणत गाडी फिरवू नका.

आधी जागा शोधा

इंजिन थंड असताना, सुरू न करता, फक्त इग्निशन ऑन करा. एमजीबीचा इलेक्ट्रिक पंप टिकटिक करतो आणि फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरचं पेट्रोलचं छोटं भांडं, आत तरंगणारा फ्लोट) भरले की गप्प बसतो. तो गप्प बसतच नसेल तर पेट्रोल कुठेतरी वाहून जातंय, नाहीतर पंप हवा ओढतोय. आता कार्ब्युरेटरच्या खाली कोरडा कागद धरून थेंब नेमका कुठून येतो ते पाहा.

ओव्हरफ्लोच्या नळीतून येत असेल तर नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणारी झडप, बंद होत नाहीये. बऱ्याचदा त्यात बारीक कचरा अडकलेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेंबरवर हलकेच ठोकलं की गळती थांबते, पण तेवढ्यापुरतीच. व्हॉल्व्ह चांगला असेल तर फ्लोट काढून कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर फ्लोटला भोक आहे आणि तो बुडतोय. दोन्ही ठीक असतील तर पंपाकडे वळा. एसयूला अडीच-तीन पीएसआय दाब पुरतो. बाहेरचा जोरकस पंप लावलेला असेल तर तो कोऱ्या व्हॉल्व्हलाही दामटतो, आणि मग कार्ब्युरेटर कितीही बदला, गळती कायम राहते.

एचएस४मध्ये फ्लोट चेंबरकडून जेटकडे (पेट्रोल हवेत सोडणारं बारीक तोंड) जाणारी नायलॉनची नळी असते; तिच्या सांध्यातलं रबर कडक झालं की तिथून थेंब पडतो. एचआयएफमध्ये चेंबर कार्ब्युरेटरच्या पोटातच असल्यामुळे खालच्या झाकणाची रिंग गळते. स्ट्रॉमबर्गमध्ये तळाच्या प्लगची ओ-रिंग. जॅग्वार ई-टाइपवर एचडी८ असतील तर जेटचा रबरी डायफ्राम फाटलेला आहे का ते पाहा.

इथवरचं सगळं किटमध्ये किंवा फार तर एखाद्या सुट्या भागात बसतं.

किट की कारागीर?

आता थ्रॉटलची स्पिंडल, म्हणजे हवेच्या झडपेची दांडी, बोटांत धरून वर-खाली हलवा. खडखडली तर ती ज्यांत फिरते ती भोकं घासून मोठी झाली आहेत. तिथून पेट्रोल गळण्यापेक्षा जास्तीची हवा आत शिरते. आयडलिंग (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) कधी चढतं, कधी उतरतं आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी टिकत नाही. नुसती नवी स्पिंडल घासलेल्या भोकात घालून फारसा फरक पडत नाही. भोकं रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मोठी करून बुश, म्हणजे धातूची छोटी नळकांडी, बसवावे लागतात, आणि दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत यावी लागतात. नाही आली तर थ्रॉटल अडकतो. हे काम जिग (भाग नेमका धरून ठेवणारा साचा) आणि रीमर असलेल्या कारागिराचंच.

म्हणून माझा कौल सरळ आहे. स्पिंडल घट्ट आणि गळती सीलमधून, तर किट. खर्च सगळ्यांत कमी आणि पाने-पक्कड चालवता येत असेल तर एका निवांत दिवसाचं काम. बॅटरीची तार काढून ठेवा आणि जवळपास आग किंवा ठिणगी नको, एवढं पथ्य पाळा. किट घेताना त्यातली रबरं नव्या उत्पादनातली आहेत ना, हे विचारा. वर्षानुवर्षं फळीवर पडून असलेलं किट स्वस्त मिळतं, पण इथेनॉलमिश्रित पेट्रोलात जुन्या जातीची रबरं फुगतात, चिरतात. व्हिटॉनच्या (पेट्रोल सोसणारं रबर) टोकाचा नीडल व्हॉल्व्ह मिळत असेल तर तोच घ्या.

या कामात घाई नडते ती फ्लोटच्या उंचीत. एचएस४चं झाकण उलटं धरायचं, फ्लोटला त्याच्याच वजनाने व्हॉल्व्हवर टेकू द्यायचं आणि फ्लोट व झाकण यांमधली फट मोजायची: १/८ ते ३/१६ इंच. त्या मापाच्या ड्रिल बिटची दांडी आडवी सरकवली की मापपट्टी शोधावी लागत नाही. काही प्लास्टिकच्या फ्लोटची पट्टी वाकवता येत नाही, तिथे व्हॉल्व्हच्या सीटखाली वॉशर घालतात. एचआयएफ४ला हीच फट जेमतेम १ मिलिमीटर लागते, अर्धा इकडेतिकडे चालतो. दोन्ही कार्ब्युरेटरचे पिस्टन आपापल्या डॅशपॉटमध्येच (पिस्टन ज्यात वर-खाली सरकतो तो घुमट) राहू द्या, अदलाबदल नको. आणि एकच गळत असला तरी किट दोन्हींना घाला. रबरांचं वय सारखंच असतं.

कारागिराकडे द्यायचं ठरलं तर ‘रिकंडिशन’ म्हणजे नक्की काय करणार ते आधी विचारा. बुश बसवणार का? जेट आणि नीडल (जेटमधली निमुळती सुई, नीडल व्हॉल्व्ह नव्हे) नवे घालणार का, आणि नीडल कोणत्या क्रमांकाची? नुसतं धुऊन, चकाकी देऊन आणि किट घालून परत येणार असेल तर ते तुम्ही घरीही केलं असतं. एक्स्चेंज योजनेत तयार जोडी लगेच मिळते, पण दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवरची. मूळ क्रमांकाचा धातूचा बिल्ला अजून शाबूत असेल तर थोडं थांबून स्वतःचीच जोडी करून घ्या.

नवा कधी?

फ्लँज (इंजिनाला टेकणारी सपाट कड) वाकलेली, बॉडीला तडा गेलेला किंवा आधीच्या मालकाने भाग गायब केलेले असतील, तेव्हा. एसयूच्या बाबतीत हा पर्याय खरोखर उपलब्ध आहे, कारण १९९६ पासून त्या नावाचे हक्क बर्लेन या कंपनीकडे आहेत आणि तिथे नवे कार्ब्युरेटर अजून बनतात. पैसे भरपूर लागतात, मेहनत सर्वांत कमी. पण नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला म्हणून नवी जोडी घेणं म्हणजे उधळपट्टी, आणि टाकीतला गंज तसाच असेल तर नवी जोडीही काही दिवसांत गळू लागेल.

वेबरबद्दल बोलताना लोक हळवे होतात, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. ३२/३६ डीजीव्ही हा एकच वेबर दोघांच्या जागी बसवणं ही दुरुस्ती नाही, गाडीचा स्वभाव बदलणं आहे. दोन कार्ब्युरेटर जुळवत बसायची कटकट जाते, हे खरं. बदल्यात वेगळा मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळ्या), वेगळं लिंकेज (थ्रॉटल हलवणाऱ्या दांड्या), जेट बदलून बदलून केलेलं ट्यूनिंग आणि मूळ रूप गेल्याची चुटपुट. त्यातही फ्लोट आणि नीडल व्हॉल्व्ह असतातच. दाब जास्त झाला की तोही ओसंडतो. जिथे एकच १७५सीडी आहे आणि तोही झिजलेला, तिथे वेबरचा विचार मला रास्त वाटतो, तरी एसयूची जोडी बसवण्याकडे माझा कल राहील. उत्सर्जनाचे स्थानिक नियम बदलाला मुभा देतात का, ते मात्र आधी पाहा. उलट वेबर असलेल्या लोटस एलानसारख्या गाडीत वेबरच्याच डीसीओई या प्रकारासाठीच्या नळ्या इंजिनाच्या हेडमध्येच ओतलेल्या असतात. तिथे प्रकार बदलायचा प्रश्नच येत नाही. आहे तोच नीट करायचा.

आणि वेबर बसवलाच, तर काढलेली एसयूची जोडी, मॅनिफोल्ड, लिंकेज आणि हीट शील्ड एका खोक्यात घालून ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक त्यांचीच चौकशी करतं.