सँडरचा पट्टा: साफ करावा की बदलावा?
बेल्ट सँडर, म्हणजे सँडपेपरच्या फिरत्या पट्ट्याने लाकूड घासणारे यंत्र, लाकूड घासण्याऐवजी नुसते तापवू लागला आणि फळीवर काळसर डाग उमटू लागले, तर मोटरला दोष देण्यापूर्वी प्लग काढून पट्टा उजेडात पाहावा. दाण्यांमधल्या फटी भुशाने आणि राळेने भरल्या असतील, पण दाणे बोटाला अजून टोचत असतील, तर तो साफ करणेच योग्य. चालू पट्ट्यावर क्रेप रबराची कांडी हलक्या हाताने टेकवली की चिकटलेला थर सुटून येतो, आणि तेलकट सागवान किंवा राळयुक्त पाइन घासणाऱ्यांना हा उपाय वारंवार उपयोगी पडतो. दाणेच झिजून गुळगुळीत झाले असतील, तर मात्र कितीही साफ केले तरी धार परत येत नाही. अशा पट्ट्यावर जोर देत राहिल्याने मोटर तापते, लाकूड करपते. त्यापुढे नव्या पट्ट्याची किंमत क्षुल्लक आहे. कड फाटलेला किंवा सांधा सुटू लागलेला पट्टा तर तत्काळ बदलावा, कारण तो वेगात तुटून इजा करू शकतो. नवा पट्टाही एका कडेला सरकत राहिला, तर आधी ट्रॅकिंगचा, म्हणजे पट्टा मधोमध ठेवणारा, स्क्रू तपासावा.