नेपाळच्या डोंगरात दोन आठवड्यांचं शिबिर की बारमाही दवाखाना?

गेल्या महिन्यात नेरुळचा एक गट आमच्याकडे येऊन बसला होता. दोन फिजिशियन, एक दंतवैद्य, दोन सिस्टर आणि एक फार्मासिस्ट. नेपाळच्या डोंगराळ भागात काम करायचं हे त्यांचं पक्कं होतं. दर वर्षी दोन आठवडे शिबिर घ्यायचं की बारा महिने चालणारा छोटा दवाखाना उभा करायचा, यावर घोडं अडलं होतं. मी ठाण्यात नौपाड्याला स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. गोरखा जिल्ह्यात मी तीन शिबिरं केली आणि पुढे पाच वर्षं तिथल्याच एका दवाखान्याला इथून साथ दिली. त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडते.

पहिला प्रश्न आजाराचा. मोतीबिंदू, दात काढणं, हर्निया ही एका बैठकीत संपणारी कामं, आणि तिथे शिबिराला तोड नाही. काठमांडूत 1994 मध्ये तिलगंगा नेत्र संस्था उभी करणारे डॉ. सांडुक रुइत यांनी दुर्गम गावांत शिबिरं घेऊनच असंख्य लोकांना दृष्टी दिली. पण त्यांच्या शिबिरामागे वर्षभर चालणारी स्थानिक संस्था होती, हे आपण सोयीने विसरतो.

बीपी, मधुमेह, चुलीच्या धुराने जडलेला दमा यांचं तसं नाही. शिबिरात बीपी सापडतं, पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि सोळाव्या दिवशी डॉक्टर ठाण्यात असतो.

माझ्या विषयातलं सांगते. अंग बाहेर येण्याचा, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याचा त्रास नेपाळच्या डोंगरात फार बायकांना आहे. तिथे त्याला ‘आङ खस्ने’ म्हणतात. लवकर लग्न, पाठोपाठ बाळंतपणं आणि ओली बाळंतीण असतानाच उचललेली ओझी. दुसऱ्या शिबिरात मी अकरा जणींना रिंग, म्हणजे अंग आत धरून ठेवणारी कडी, बसवली. त्यांचा त्रास तिथल्या तिथे कमी झाला आणि आम्ही समाधानाने परतलो. रिंग दर तीन ते सहा महिन्यांनी काढून धुवायची असते. आम्ही चिठ्ठीवर तारीख लिहून दिली होती, पण तिथे विक्रम संवत चालतो. त्यांचं पंधरा ‘गते’ म्हणजे आपली पंधरा तारीख नव्हे, मध्ये दोनेक आठवड्यांचं अंतर पडतं. लिपी देवनागरीच असल्याने आम्हाला वाटलं सगळं कळलं. शिवाय ठरल्या दिवशी तिथे रिंग काढणारं होतं तरी कोण? वर्षभराने एक बाई आली, तीच रिंग आत, जखम झालेली, रक्त जात होतं. ही चूक माझी होती. मी आजही ती विसरलेले नाही.

दवाखाना सुरू झाल्यावर पहिलं काम हेच केलं. सरकारी स्वास्थ्य चौकीतल्या अनमी दिदी, म्हणजे आपल्याकडच्या एएनएम नर्सताई, रिंग काढायला, धुवायला, पुन्हा बसवायला शिकल्या. वहीत तारखा गतेनेच लिहिल्या. कोणी आलं नाही तर गावातल्या महिला स्वास्थ्य स्वयंसेविका घरी जाऊन येत. नेपाळमध्ये ही स्वयंसेविकांची व्यवस्था 1988 पासून आहे, आपल्या आशाताईंच्या कितीतरी आधीपासून. आपण फक्त तिला जोडून घ्यायचं.

ऋतूचाही विचार करा. शिबिरं बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात, कारण तेव्हा रस्ते उघडलेले आणि हवा छान असते. जुलाब, टायफॉइड, सर्पदंश मात्र पावसाळ्यात वाढतात, त्यातच दरडींनी वाट बंद होते. तेव्हा दार उघडं असतं ते दवाखान्याचंच. आणि असारात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमाराला, भाताची रोपणी असते, तेव्हा कोणीही तपासायला येत नाही. शहापूर-मुरबाडमध्ये लावणीच्या दिवसांत येतो तोच अनुभव.

औषधांबाबत शिबिरवाले जास्त चुकतात. घरोघरची उरलेली औषधं आणि कंपन्यांची सॅम्पल गोळा करून नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांनुसार दान दिलेल्या औषधांची मुदत तिथे पोचताना किमान एक वर्ष शिल्लक हवी. नेपाळच्या औषधि व्यवस्था विभागाची परवानगीही लागते. दवाखान्याला हा व्याप कमी, औषधं तिथेच घ्यायची. सरकारी चौकीत जी गोळी मोफत मिळते तीच आपणही द्यावी, नाहीतर पेशंट दोन रंगांच्या गोळ्या दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेतो.

कागदपत्रांत पळवाट शोधू नका. व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र चालतं, एकट्या आधार कार्डावर विसंबू नका. पण व्हिसा लागत नाही म्हणजे प्रॅक्टिसची मुभा आहे असं नाही. डॉक्टरला नेपाळ मेडिकल काउन्सिलची तात्पुरती नोंदणी हवी, सिस्टरना त्यांच्या नर्सिंग काउन्सिलची. शिबिरात हे प्रत्येक माणसागणिक करावं लागतं. दवाखान्यात तपासणारी माणसं नेपाळीच असतील तर हा प्रश्न उरत नाही. गाउँपालिकेची, म्हणजे तिथल्या ग्रामीण स्थानिक सरकारची, संमती दोन्हीकडे हवी.

पैशाचं गणित सोपं दिसतं, कारण आपले 100 रुपये म्हणजे तिथले 160, हा दर कित्येक वर्षं बांधलेला आहे. शिबिराचा मोठा खर्च विमानाच्या तिकिटांवर जातो, दवाखान्याचा पगारांवर. पगार दर महिन्याला द्यावा लागतो, उत्साह ओसरल्यावरसुद्धा. तीन वर्षांची तजवीज हातात नसेल तर दवाखाना उघडूच नका. उघडून बंद केलेल्या दवाखान्याने गावाचा विश्वास जातो. ट्रस्टतर्फे खर्च करणार असाल तर आधी सीएंना भेटा. धर्मादाय संस्थेने भारताबाहेर केलेल्या खर्चाला एरवी करसवलत मिळत नाही, वेगळी मंजुरी लागते.

या गटाला मी तिसरा पर्यायही सुचवला. आधी एक वर्ष दर रविवारी आसनगावची लोकल पकडून शहापूरच्या एखाद्या पाड्यावर ओपीडी चालवा. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात आणि तुमचा बीपीचा पेशंट नाहीसा होतो. त्याला शोधून गोळ्या कशा पोचवायच्या हे तिथे जमलं तर गोरख्यातही जमेल. डॉक्टर आरोळे दांपत्याने 1970 मध्ये जामखेडला सुरू केलेलं कामही पाहून या. गावातल्या बाईला शिकवून तिच्या हाती आरोग्य कसं द्यायचं, हे शिकायला परदेशातून लोक तिथे येतात.

माझं मत विचाराल तर वर्षभर तिथे राहील असा एकही स्थानिक माणूस तुमच्याशी जोडलेला नसेल, तर फक्त दातांचं शिबिर घ्या, बाकी काही नको. अनमी दिदी आणि गाउँपालिका सोबत असतील तर दवाखानाच करा. मग शिबिरं त्यांनी बोलावल्यावर, त्यांना लागेल त्या विषयाची. नेरुळच्या दंतवैद्याने तयारी दाखवली आहे. दोन्ही फिजिशियन येत्या रविवारपासून शहापूरला येणार आहेत, सकाळी सहा वाजता ठाणे स्टेशनवर भेटायचं ठरलंय.