तरुणांसाठीचा वायरलेस हेडफोन: आवाज सुधारला, टाइप-सीचं दुखणं कायम

४० मिमीचे ड्रायव्हर (प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग), ५० तासांची बॅटरी, गेमिंग मोड, कपांवर रंगीत दिवे, घडी होणारा बँड. या वर्गातल्या हेडफोनचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, ते पुन्हा देत बसत नाही. काही महिने रोज वापरल्यावर जे कळतं तेवढंच लिहितो. सुरुवात चार्जिंगपासून, कारण हा दोष ऐकायला क्षुल्लक वाटतो आणि रोज छळतो.

हेडफोनला टाइप-सी पोर्ट आहे, खोक्यावर तसं ठळक छापलंय. पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल घेऊन फोनच्या किंवा लॅपटॉपच्या चार्जरला जोडला, तर काहीच होत नाही. चार्जिंगचा दिवासुद्धा लागत नाही. तोच हेडफोन जुन्या यूएसबी-ए चार्जरला, सोबत आलेल्या वीतभर केबलने जोडला की लगेच चार्ज व्हायला लागतो.

कारण असं. यूएसबी-ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात. टाइप-सी चार्जर मात्र समोर वीज घेणारं उपकरण आहे याची खूण मिळेपर्यंत व्होल्टेज सोडतच नाही. ही खूण म्हणजे पोर्टच्या सीसी१ आणि सीसी२ या पिनांपासून ग्राउंडला जोडलेला प्रत्येकी ५.१ किलोओमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा इवलासा भाग. दोन रेझिस्टर, एकेक १ मिमी लांब आणि अर्धा मिमी रुंद, अख्ख्या सर्किटमधल्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी. या हेडफोनमध्ये ते बसवलेलेच नाहीत. डावा कप उघडला की बोर्डावर त्यांच्या जागा स्पष्ट दिसतात, रिकाम्या. म्हणजे आखणीत ते होते आणि उत्पादनात गाळले. संताप येतो तो इथे. कपांवरच्या दिव्यांसाठी वेगळी चिप आहे, प्रत्येक कपात एलईडींची पट्टी आहे, आणि ज्या वयाच्या ग्राहकाकडे आज सगळे चार्जर टाइप-सीचे आहेत, त्याच्याच चार्जरवर हा चालत नाही.

नुकसान नुसत्या गैरसोयीपुरतं राहत नाही. रात्री चार्जिंगला लावला असं समजून माणूस झोपतो, सकाळी हेडफोन बंद. मग तो बॅगेत तसाच पडून राहतो. लिथियमचा सेल पूर्ण उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिला की त्याची क्षमता घटते, आणि व्होल्टेज फारच खाली गेलं तर संरक्षक सर्किट सेलची जोडणीच तोडून टाकतं. हेडफोन 'मेला' म्हणून येणाऱ्या तक्रारींमध्ये हे कारण आधी तपासावं.

याच दोषाचे आणखी दोन प्रकार आहेत. केबल एका बाजूने घातली तर चार्ज, उलटी घातली तर नाही: एकच रेझिस्टर बसवलाय. साध्या केबलवर चार्ज, पण लॅपटॉपच्या जाड, चिप असलेल्या केबलवर नाही: दोन्ही पिनांना मिळून एकच सामायिक रेझिस्टर दिलाय. २०१९ साली रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकाच्या पहिल्या बोर्डांमध्ये नेमकी हीच चूक होती. अशा केबलवर चार्जरला तो बोर्ड ऑडिओ अ‍ॅडॉप्टर वाटायचा आणि वीज मिळायची नाही.

उपाय तीन. सोपा म्हणजे ए-टू-सी केबल आणि यूएसबी-ए चार्जर जपून ठेवणे. दुसरा, टाइप-सी चार्जरला छोटा, टाइप-सीचं यूएसबी-ए करून देणारा ओटीजी अ‍ॅडॉप्टर लावून त्यात ए-टू-सी केबल घालणे. त्या अ‍ॅडॉप्टरच्या आत ५.१ किलोओमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे चार्जर व्होल्टेज सोडतो. तिसरा सोल्डरिंगचा. पॅड ओढून काढा, चार स्क्रू सोडवा, आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. टाइप-सीच्या ब्रेकआउट बोर्डने (पोर्टची प्रत्येक पिन बाहेर काढून देणारी पट्टी) ए५ म्हणजे सीसी१ ते ग्राउंड आणि बी५ म्हणजे सीसी२ ते ग्राउंड मल्टिमीटरवर मोजा. दोन्हीकडे सर्किट उघडं दिसलं तर निदान पक्कं. रिकाम्या जागांवर ०४०२ आकाराचे ५.१ किलोओमचे रेझिस्टर फ्लक्स लावून, बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने ३२० ते ३५० अंशांवर बसवा. बोर्डावर जागाच आखलेली नसेल तर नाद सोडा. कनेक्टरच्या पिना अर्धा मिमी अंतरावर असतात, तार जोडताना शेजारची पिन हमखास चिकटते. कप उघडला की वॉरंटी गेली, हे धरूनच चाला.

दिव्यांचा हिशोब वेगळा सांगायला हवा. ५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल ५० तास पुरतो, म्हणजे सरासरी १० मिलिअँपिअर खर्च. दोन्ही कपांच्या दिव्यांनी मिळून आणखी १० घेतले की झाले २५ तास. खोक्यावरचा आकडा दिवे बंद ठेवून मोजलेला आहे. दिवे बंदच ठेवावेत, कान झाकणाऱ्याला ते दिसत नाहीतच.

आता आवाज. त्याबद्दलचं माझं सुरुवातीचं टिपण कडक होतं: १०० ते २५० हर्ट्झचा भाग एवढा फुगवलाय की पुरुषी आवाज घागरीतून आल्यासारखा येतो आणि खरा खोल बास त्याखाली दबतो. नंतर फर्मवेअरमध्ये, म्हणजे हेडफोनच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, पाच पट्ट्यांचा इक्वलायझर आला आणि मत बदललं. २५० हर्ट्झ उणे ४ डेसिबल, ६० हर्ट्झ अधिक २, बाकी शून्य. एवढ्यावर तबल्याचा बायाँ आणि बास गिटार वेगवेगळे ऐकू येतात, शब्द सुटे होतात. ६० हर्ट्झला ३ च्या वर नेऊ नका, मोठ्या आवाजात ड्रायव्हरचा आवाज फाटतो. सेटिंग हेडफोनमध्येच साठतं, त्यामुळे लॅपटॉपलाही लागू होतं. ऑक्स केबलने बंद हेडफोन ऐकला तर मात्र ते लागू होत नाही, तेव्हा फक्त ड्रायव्हरचा मूळ आवाज मिळतो, आणि माइकही चालत नाही.

म्हणजे ड्रायव्हर आधीपासून चांगला होता, त्याच्यावर फुगवटा मुद्दाम चढवला होता. 'मुलांना बासच हवा असतो' हे विक्रीवाल्यांचं जुनं गृहीतक आहे. ध्वनी-संशोधक सीन ऑलिव्ह यांनी २०१२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीत मांडलेल्या निबंधात शाळा-कॉलेजच्या मुलांनी नाव न कळता ऐकून १२८ केबीपीएस एमपी३ पेक्षा सीडीला आणि रंगवलेल्या आवाजाच्या स्पीकरपेक्षा अचूक स्पीकरला जास्त पसंती दिली होती. नीट ट्यूनिंग कारखान्यातूनच द्यायला काय हरकत होती?

आवाजाची कमाल पातळी हवी त्याहून जास्त आहे आणि अ‍ॅपमध्ये मर्यादा घालायची सोय नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) यांची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, मुलांसाठी ७५ वर ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ वर मोठ्यांनाही ५ तासच. फोनच्या सेटिंगमध्ये मर्यादा घालून ठेवा.

गेमिंग मोडमध्ये ओठ आणि शब्द जुळतात, पण बफर (आधीच साठवून ठेवलेला आवाज) लहान झाल्याने गर्दीच्या वायफायजवळ आवाज तुटतो. बिजागरी अजून घट्ट आहे, याचं समाधान. पॅडचं कृत्रिम चामडं घामाने सुटायला लागलंय. नवे घेताना लंबगोलाची लांबी-रुंदी मोजून घ्या. कापडी पॅड गार राहतात, पण कडेने हवा निसटून बास कमी होतो.

सेवा केंद्रात 'चार्ज होत नाही' एवढंच सांगितलं तर ते स्वतःच्या ए-टू-सी केबलने चार्ज करून दाखवतात आणि 'दोष नाही' असा शेरा मारून परत देतात. बदलून दिला तरी त्याच आखणीचा मिळतो. तक्रारीत लिहावं: 'सी-टू-सी केबलवर दोन्ही बाजूंनी चार्ज होत नाही, सीसी१ आणि सीसी२ वर ५.१ किलोओम नाही.' सोबत दोन वेगळ्या चार्जरांवरचा व्हिडिओ जोडावा आणि बदली नको, परतावा हवा असं स्पष्ट मागावं. नवा घेणाऱ्याने परत करायची मुदत संपायच्या आत, पहिल्याच दिवशी, सी-टू-सी केबल सुलटी-उलटी लावून बघावी.